आयटीआयच्या मुलांना परदेशी कामावर शिकायला पाठवायचंय? आधी मास्तरला जाऊन येऊ द्या

वडोदऱ्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेड शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय: दुसऱ्या वर्षाची सहा मुलं आणि एक मुलगी यांना तीन महिने परदेशातल्या कारखान्यात काम शिकायला पाठवायचं आहे. एक एजंट म्हणतो, ‘इरॅस्मस’मधून सगळं फुकट होतं, फक्त प्रत्येकी ८०,००० रुपये फाइल चार्ज. दुसरा जपानचं सांगतो. ट्रस्टींच्या डोक्यात जर्मनी आहे. शिक्षकांना जाता येतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

ताई, त्या फाइल चार्जपासूनच सुरुवात करू. सात जणांचे पाच लाख साठ हजार होतात, आणि दिलेत तर ते गेल्यात जमा समजा. इरॅस्मस प्लस ही युरोपीय संघाची योजना. १९८७ मध्ये ती कॉलेजच्या मुलांसाठी निघाली. आपल्यासारख्या हात काळे करणाऱ्यांसाठी १९९५ पासून ‘लिओनार्दो दा विंची’ नावाची वेगळी योजना होती, आणि २०१४ मध्ये या सगळ्यांची मोट इरॅस्मस प्लसमध्ये बांधली गेली. तिच्यात व्यवसायशाळेतलं पोर दुसऱ्या देशातल्या कारखान्यात, बेकरीत, गॅरेजमध्ये १० ते ८९ दिवस काम शिकायला जातं. लांबचा पल्ला असेल तर ९० दिवसांपासून वर्षभर. पण पैसा मिळतो तो तिकडच्या शाळेला, तिच्या मुलांसाठी. वडोदऱ्याच्या आयटीआयने आपल्या मुलांसाठी अर्ज करावा अशी सोय त्या शाखेत नाही. आपल्याकडे इरॅस्मसचं नाव झालंय ते युरोपात मास्टर्स करायला जाणाऱ्या पदवीधरांच्या शिष्यवृत्तीमुळे. एजंट या दोन गोष्टींची भेळ करून विकतोय.

तरीही ती योजना कशी चालते ते समजून घ्या. त्या लोकांनी इतकी वर्षं पोरं या देशातून त्या देशात नेली, आणि त्यात एक गोष्ट पक्की बसवली: तिकीट काढायच्या आधी कागद. पोरगं तिथे काय शिकणार, कोण शिकवणार, शेवटी काय तपासणार, आणि परत आल्यावर शाळा ते शिक्षण कशात धरणार, हे सगळं एका शिक्षण-करारात लिहायचं. त्यावर तीन सह्या: पाठवणारी शाळा, ठेवून घेणारा कारखाना आणि स्वतः विद्यार्थी. परत येताना युरोपास मोबिलिटी नावाचा एक दाखला मिळतो. त्यात ‘वर्तन चांगले’ असलं काही नसतं. कोणत्या यंत्रावर काय केलं ते लिहिलेलं असतं.

या कागदाची किंमत मला कशी कळली ते सांगतो. मी तीस वर्षं टर्नर आणि मशिनिस्टच्या मुलांना शिकवलं. शेवटची बारा-तेरा वर्षं मुलांना बाहेर पाठवायचं काम माझ्या गळ्यात होतं, आणि पहिल्याच तुकडीत मी तोंडावर आपटलो. मकरपुरा जीआयडीसीतल्या (आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखानदाराचे पूर्वेकडच्या एका देशातल्या कंपनीशी संबंध होते. त्याने शब्द टाकला, कंपनी हो म्हणाली, चार मुलं दहा आठवड्यांसाठी गेली. स्टेशनवर हार, पेढे, दांडिया बाजारातल्या आज्यांचं औक्षण, सगळं झालं. आठव्या दिवशी फोन आला. ‘सर, मी इथे खोकी घडी करतोय. रोजची चारशे.’ मी चिडून कंपनीला फोन लावला. दुभाष्यामार्फत तिथला सुपरवायझर शांतपणे म्हणाला, की तुमच्या मुलांना काय येतं ते आम्हाला कुणी कळवलेलंच नाही. मी माझं पत्र काढून बघितलं. त्यात एक ओळ होती: ‘या विद्यार्थ्यांना दहा आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावे ही विनंती.’ भाषा येत नाही, यंत्र कोणतं येतं माहीत नाही, अशा पोराला न बोलता करता येईल असं तिथे एकच काम होतं, आणि ते त्यांनी दिलं. चूक माझी होती.

पुढच्या तुकडीच्या वेळी मी आठवड्यावार लिहिलं. पहिला आठवडा सुरक्षा आणि शॉपची ओळख. दुसऱ्यात मोजमापाची साधनं: हा मुलगा मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचतो, बोअर गेज वापरलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्यात सीएनसी मिलिंगवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) देखरेखीखाली टूल ऑफसेट. पाचव्यापासून स्वतः जॉब सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी वरिष्ठाकडून. समोर शिकवणाऱ्या माणसाचं नाव लिहायला रिकामी जागा ठेवली आणि ती भरल्याशिवाय सही करणार नाही असं कळवलं. गंमत म्हणजे कंपनीला राग आला नाही. उलट त्यांनी दोन ओळी सुधारून पाठवल्या. ज्याला खरंच शिकवायचं असतं त्याला असा कागद हवाच असतो. ज्याला फुकटचे हात हवे असतात तो मात्र ‘इथे आल्यावर बघू’ म्हणतो. माझ्या अनुभवात ही एक चाचणी कधी चुकली नाही.

आता तुमचा जो प्रश्न सगळ्यात शेवटी आलाय, तो मी वर घेतो. शिक्षकांना जाता येतं का? येतं, आणि त्यांनीच आधी जावं. युरोपात व्यवसायशाळेच्या शिक्षकाला २ ते ६० दिवस दुसऱ्या देशातल्या शाळेत किंवा कारखान्यात नुसतं कुणाच्या तरी मागे उभं राहून बघायला पाठवतात. त्याशिवाय मुलं नेण्याआधी जागा बघून यायला वेगळी छोटी पूर्वतयारीची भेट असते. आपल्याकडे हे उलटं चालतं. मुलं जातात, मास्तर पेपरात फोटो बघतो.

मी पहिल्यांदा गेलो ते जपानच्या आइची प्रांतात, एका छोट्या मशीन शॉपमध्ये, अकरा दिवस. दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या एका ड्रॉइंगपाशी मी अडकलो. साधं ब्रॅकेट, एका बाजूला खाच. मी बघत होतो आणि काहीतरी उलटं वाटत होतं. मग कोपऱ्यातलं शंकूचं चिन्ह दिसलं: थर्ड अँगल. आपण मुलांना फर्स्ट अँगल घटवून शिकवतो, म्हणजे वरून दिसणारी आकृती खाली आणि उजवीकडून दिसणारी डावीकडे. जर्मनीतही फर्स्ट अँगलच चालतं. जपानमध्ये, आणि अमेरिकेतही, थर्ड अँगल: वरची वर, उजवीकडची उजवीकडे. तीस सेकंदांत लक्षात येणारी गोष्ट आहे, पण ती लक्षात यायला हवी. माझ्या पोरानं ते ड्रॉइंग आपल्या सवयीनं वाचलं असतं तर खाच उलट्या बाजूला निघाली असती, माप अगदी बरोबर आणि नग भंगारात. वर ‘इंडियन मुलांना ड्रॉइंग येत नाही’ हा शिक्का.

परत आल्यावर मी पंधरा दिवस बाकी सगळं थांबवलं. मुलांना कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या आणायला लावल्या, हॅक्सॉच्या जुन्या पात्याने त्यांचे ब्रॅकेट कापायला लावले, आणि एकेका वडीची दोन्ही पद्धतींनी ड्रॉइंग्ज काढून घेतली. वर्कशॉपला महिनाभर साबणाचा वास होता. पण त्यानंतर गेलेल्या एकाही मुलानं उलटा नग काढला नाही. हे मला कुठल्या माहितीपत्रकातून कळलं असतं? तिथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं.

आणखी एक. तिथले कामगार यंत्राकडे बोट दाखवून मोठ्यानं ‘योशी!’ म्हणतात, म्हणजे ‘ठीक!’ रेल्वेचे ड्रायव्हर सिग्नलला करतात तेच. बघताना हसू येतं. पण लेथवर वाईट अपघात कशाने होतात ते तुम्हाला माहीत आहे: ‘चक की’, म्हणजे कामाचा तुकडा पकडणारा चक आवळायची किल्ली, चकमध्येच विसरली आणि मोटर चालू केली. मी आमच्या शॉपमध्ये ‘चक की बाहेर, योशी!’ सुरू केलं. पहिला आठवडा मुलं एकमेकांना कोपर मारून हसत होती. मग सवय लागली. आपल्याकडच्या ‘चालशे, साहेब’ वृत्तीवर मला आजवर सापडलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय.

जर्मनीहून मी वही आणली. तिथे कारखान्यात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला कामाची नोंदवही ठेवावी लागते, बेरिश्ट्सहेफ्ट म्हणतात तिला. काय केलं, कशावर केलं, शाळेत काय झालं. शिकवणारा ती तपासून सही करतो आणि ती वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आपली मुलं जर्नल लिहितात ती परीक्षेच्या आदल्या रात्री, एकमेकांचं बघून. तुम्ही परदेशाचं नंतर बघा, ही वही मात्र येत्या सोमवारपासून सुरू करा. आठवड्याला एक पान, मराठीत, गुजरातीत, कशातही. बाहेर जाणाऱ्या मुलाच्या करारातले आठवडे तुम्हाला या वहीतूनच लिहिता येतात.

पैसे नाहीत म्हणून मास्तर जाऊ शकत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर दोन वाटा मी वापरल्या. एक, तिकडचा माणूस इकडे बोलवायचा. बॉनची सीनियर एक्स्पर्ट सर्व्हिस ही संस्था १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांना मानधनाशिवाय परदेशी शाळा-कारखान्यांत पाठवते. बोलावणाऱ्याने साधारणपणे त्यांची राहण्या-जेवण्याची आणि गावातल्या येण्या-जाण्याची सोय बघायची. सत्तरीचा जर्मन फोरमन तीन आठवडे तुमच्या शॉपमध्ये उभा राहिला तर मुलांना आणि तुम्हाला जे मिळेल ते बारा दिवसांच्या सहलीत मिळणार नाही. (त्यांना तिखट कमी लागतं. पहिल्याच दिवशी सेव-उसळ खायला घालू नका. मी घातली होती.) दुसरी वाट जवळची: अहमदाबादची इंडो-जर्मन टूल रूम. इंदूर आणि औरंगाबादलाही तशीच आहे. परदेशी जाण्याआधी शिक्षकानं अशा ठिकाणी आठ-दहा दिवस घालवले तर तिकडे काय विचारायचं ते तरी कळतं.

आता मुलांचं. सरळ सांगतो, तीन महिन्यांसाठी जा आणि या, अशी वाट आपल्या आयटीआयच्या मुलांना जवळपास नाही. ज्या आहेत त्या लांबच्या आहेत आणि त्यांत शिकणं आणि नोकरी एकमेकांत मिसळलेली आहे. तीन महिन्यांचं जमतं ते बहुतेक कंपनीतून: सावली-हालोल पट्ट्यात, मकरपुऱ्यात परदेशी मालकीच्या किंवा परदेशी भागीदार असलेल्या कंपन्या आहेत, त्या आपल्याच अप्रेंटिसला किंवा नव्या कामगाराला मूळ कारखान्यात पाठवतात. म्हणून तुमच्या मुलांनी आधी चांगली अप्रेंटिसशिप धरणं ही परदेशाचीच पहिली पायरी आहे. ट्रस्टींना हे मिळमिळीत वाटेल. वाटू द्या.

जपानचं चित्र असं. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारत आणि जपानचा टेक्निकल इंटर्न ट्रेनिंग प्रोग्रॅमबाबत करार झाला, आपल्याकडून एनएसडीसी (राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ) देखरेख करते आणि मान्यता दिलेल्या पाठवणाऱ्या संस्थांमार्फतच जाता येतं. मुदत तीन वर्षं, वाढून पाच. नाव इंटर्न असलं तरी करार नोकरीचा असतो, सुरुवातीचे वर्ग संपले की तिथले कामगार कायदे लागू होतात. मोठी खोट अशी की मधेच कारखाना बदलता येत नाही. मालक वाईट निघाला तर पोर अडकतं, आणि याच तक्रारींमुळे जपानने जून २०२४ मध्ये नवा कायदा करून ही योजना बदलायचं ठरवलं. २०२७ पासून तिच्या जागी ‘इकुसेई शुरो’ नावाची योजना येते आहे, तिच्यात काही अटींवर कारखाना बदलता येईल. त्यामुळे आज तुम्हाला कुणी जपानचा कागद दाखवला तर पहिला प्रश्न: ही जुनी योजना की नवी? दुसरी वाट स्पेसिफाइड स्किल्ड वर्करची, भारताशी करार जानेवारी २०२१ चा. त्यात कामाची परीक्षा आणि एन४ दर्जाची (जपानीच्या पाच पायऱ्यांतली खालून दुसरी) भाषा लागते, पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्याच क्षेत्रात कारखाना बदलता येतो, पण पहिल्या टप्प्यात कुटुंब नेता येत नाही. अजून एक गोष्ट मुलांच्या डोक्यात आत्ताच घाला: पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही. इंटर्नचा पासपोर्ट ठेवून घेणं जपानच्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या पोराला माहीत असलं पाहिजे. आणि तिथल्या पेन्शनमध्ये कापलेल्या पैशांतली काही रक्कम देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज केला तर परत मिळते. माझ्या एका विद्यार्थ्यानं हे अडीच वर्षांनी विचारलं.

जर्मनीबद्दल ट्रस्टींनी वाचलेला आकडा मी ओळखतो: ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. आकडा खरा आहे, पण तेवढे व्हिसे वाटणार असं वचन नव्हे. मुलांसाठी तिथे आउसबिल्डुंग आहे. दोन ते साडेतीन वर्षं, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत, शेवटी चेंबरची (तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाची) परीक्षा. शिकता शिकता पगार मिळतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या कराराला पहिल्या वर्षी कायद्यानं महिना किमान ६८२ युरो. छोट्या गावात त्यात कसंबसं भागतं, म्युनिकमध्ये नाही. भाषा साधारण बी१ (सहा पायऱ्यांतली तिसरी) लागते. आणि आई-वडिलांना आधीच सांगा की आयटीआयची दोन वर्षं तिथे सहसा मोजली जात नाहीत, पोर पहिल्या वर्षापासून सुरुवात करतं. ‘पुन्हा कानस घासणार?’ असा चेहरा होतो त्यांचा. हो, पुन्हा घासणार. आपल्याकडे मेल-फिमेल फिटिंगला (एकात एक बसणाऱ्या दोन तुकड्यांना) ०.०४ मिलिमीटर चालतं म्हणून शिक्षक सोडून देतो, तिथे प्रकाशासमोर धरतात.

ज्याला पुन्हा शिकायचं नाही त्याच्यासाठी मार्च २०२४ पासून एक दार किलकिलं झालंय: आपल्या देशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर किमान दोन वर्षांचा अनुभव असेल, आणि तिथला मालक ठरावीक पातळीच्या वर पगार देत असेल, तर तिकडच्या पात्रतेशी बरोबरी सिद्ध न करता कामाला जाता येतं. मशिनिस्ट, टर्नर, फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, म्हणून तुमच्या मुलांना हे दार दिसतं तरी. वेल्डर एक वर्षाचा, त्याला तेही नाही. तुमच्या संस्थेत वेल्डरचा वर्ग असेल तर त्या मुलांना खोटी आशा लावू नका.

भाषेला घाबरू नका, पण तिला उशिरा हात घालू नका. मराठी पोरांना दोन्हीकडे थोडं घरचं भांडवल आहे, हे मास्तरांनी सांगायला हवं. जपानीत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं आणि ‘ला’, ‘त’, ‘ने’ यांच्यासारखे तुकडे नामाच्या मागे चिकटतात. ‘मी कारखान्यात काम करतो’ हे त्याच क्रमानं जपानीत जातं. इंग्रजीतून शिकवणारे गुरुजी पोराला आधी वाक्य उलटं करायला लावतात आणि मग पुन्हा सुलट, असला द्राविडी प्राणायाम कशाला? जर्मन भाषेत तीन लिंगं आहेत. हिंदीभाषक मुलांना तिसरं लिंग समजावताना मास्तर घामाघूम होतात. आपल्या आणि गुजराती मुलांना नपुंसकलिंग आईच्या दुधातलं. जर्मनांनी ‘मुलगी’ नपुंसकलिंगी केली तर आपल्यालाही ‘ते पोरगं’ ठाऊक आहेच. पण पाठांतराला पर्याय नाही, आणि बी१ ला रोज दोन तास धरले तरी वर्ष जातं. ज्या मुलांनी आयटीआयच्या पहिल्या वर्षीच भाषा सुरू केली ती गेली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जागी झालेली बहुतेक इथेच नोकरीला लागली.

कागदपत्रांतला सगळ्यात मोठा घोळ आपल्याकडे नावाचा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टाच्या अर्जात आडनाव आणि नाव असे दोन रकाने. कुणी सगळं नाव एकाच रकान्यात भरतं आणि आडनावाची जागा कोरी राहते. मग परदेशी फॉर्म ती कोरी जागा घेतच नाही. आपल्या गायकवाडांची तर वेगळीच कथा. बडोद्याच्या जुन्या पद्धतीनं स्पेलिंगात ई, नव्या पद्धतीनं आय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या कागदांत ई होता, त्याच्या दहावीत आय, आणि आयटीआयच्या दाखल्यात टाइप करणाऱ्याच्या कृपेनं दोन्ही नव्हते. तीन महिने गेले त्यात. दाखले एकसारखे झाल्याशिवाय परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टीलच्या (दाखला खरा असल्याच्या) स्टिकरसाठी धावू नका, चुकीच्या नावावर तो लावून घेतला तर सगळा खर्च पुन्हा. आणि वय बघा. दुसऱ्या वर्षातली काही मुलं अजून अठराची नसतात.

एजंटांविषयी थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि नंबर टाकला की खरं-खोटं दोन मिनिटांत कळतं. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावतीवर. ही कात्री चुकवण्यासाठी बरेच जण स्वतःला ‘स्टडी कन्सल्टंट’ म्हणवतात आणि नोकरीला इंटर्नशिप म्हणतात. तुमचा फाइल चार्जवाला त्यातला दिसतो. कागदावर काम लिहिलंय की शिक्षण, पगार कोण देणार, व्हिसा कोणत्या प्रकारचा, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तराला चहाइतकीच किंमत.

परतीचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्या गावाला परदेशी पाठवायची परंपरा आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातानं शिकण्यासाठी, आणि हुशार मुलांना ते बाहेरही पाठवत. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरी करायच्या करारावर. पाठवण्याचा कागद असा चोख होता. पण १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून परत गेले. त्या अन्यायाची तुलना आपल्या पोरांच्या अडचणींशी होऊच शकत नाही, आणि मी करतही नाही. एवढंच म्हणतो, की पाठवण्याच्या दिवशी जेवढी तयारी असते त्याच्या दहावा हिस्साही परत आलेल्यासाठी नसते. माझे परत आलेले दोन विद्यार्थी आज मोबाइलच्या दुकानात आहेत. त्यांतल्या एकाचं सांगतो: तीन वर्षं जपानमध्ये पाच-अक्षी यंत्र चालवून आलेल्या पोराला मकरपुऱ्यात कुणी आयटीआय फ्रेशरच्या पगारावर ठेवू पाहिलं आणि त्यानं रागानं लेथच सोडला. त्याच्या मालकाला आधी भेटून सांगायचं काम माझं होतं, मी केलं नाही. आता जाणाऱ्या मुलाच्या करारातच मी इथल्या एका कारखानदाराचं नाव घालतो, परत आल्यावर पहिली भेट त्याची.

तुमच्या एका मुलीविषयी तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय की तिची आई तयार नाही. त्या आईला ‘सुरक्षित आहे हो’ असं सांगून पटणार नाही, मलाही पटलं नसतं. राहण्याची जागा कोणती, कारखान्यापासून किती लांब, रात्रपाळी आहे का, शॉपमध्ये आणखी बायका आहेत का, बायकांची कपडे बदलायची खोली कुठे, आजारी पडली तर फोन कुणाला, हे सगळं त्या शिक्षण-करारात लिहून घ्या आणि तो कागद मराठीत करून त्यांना वाचायला द्या. माझ्या वेळी एका आईनं तो कागद दोन दिवस घरी ठेवला, मग कपडे बदलायच्या खोलीच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहून पाठवलं: ‘आतून कडी आहे का?’ मी तिकडे विचारलं. नव्हती. त्यांनी बसवली, फोटो पाठवला, आणि ती मुलगी गेली.